सात रेघांचा शंख: एका बाल-फँटसीतल्या चुकांचं प्रकरण

इथे ज्या चित्रपटाची चिरफाड केली आहे तो कुठल्याही पडद्यावर लागलेला नाही. सहायक दिग्दर्शन आणि संकलन शिकणाऱ्यांसाठी हे प्रकरण रचलं आहे. त्यामुळे दृश्यांचे क्रमांक, शॉटची मोजणी, कोणी काय ठरवलं, हे सगळं रचलेलं. चंद्र, समुद्र, शंख, दुधाचे दात, सावली आणि कायदा यांच्यात मात्र ढवळाढवळ केलेली नाही. कथेत जादू आहे म्हणून त्यांना सुट्टी मिळत नाही.

गोष्ट अशी. गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला आजोबांच्या ट्रंकेत शंख सापडतो. शंखावर सात निळ्या रेघा. फुंकला की एक इच्छा पुरी होते आणि एक रेघ पुसली जाते. सगळ्या रेघा संपल्या की कोजागरीच्या रात्री शंख समुद्राला परत द्यायचा. पटकथेत ९६ दृश्यं. चाळ आणि तिचं आवार गोरेगावच्या चित्रनगरीत उभं केलेलं, समुद्र गिरगाव चौपाटीचा. मुख्य शेड्यूल जानेवारीत २० दिवसांचं, पॅचवर्क (राहिलेले आणि दुरुस्तीचे शॉट) मेच्या मध्यावर ४ दिवसांचं. मधल्या काळात रफ कट (कच्चं संकलन) तयार झाला आणि एका रविवारी तो सात ते अकरा वयाच्या तीस मुलांना दाखवला.

मोठी माणसं जादूच्या गोष्टीत हिशोब सोडून देतात. मुलं नेमका तोच धरून बसतात. मध्यंतराच्या थोडं आधी मागच्या रांगेतून एकाने मोठ्याने विचारलं, "आत्ता चार होत्या ना? मग सहा कशा झाल्या?" पुढची दहा मिनिटं मुलं गोष्ट बघत नव्हती, रेघा मोजत होती.

रेघा कुठे हरवल्या

पटकथेत सात फुंकरा होत्या: दृश्य १४, २७, ३८, ५२, ६६, ७९ आणि ९१. चौदामध्ये सातच्या सहा, सत्तावीसमध्ये सहाच्या पाच, अडतिसामध्ये पाचच्या चार, असं करत एक्क्याण्णवमध्ये शून्य. आर्ट डिपार्टमेंटने त्यासाठी एका खऱ्या शंखाचा साचा काढून फायबरचे आठ शंख ओतले: सात रेघांचा एक, सहाचा एक, असे शून्यापर्यंत. प्रत्येकाच्या आतल्या कडेला बारीक आकडा लिहिला. हे काम चोख होतं. जानेवारीतल्या एकाही शॉटमध्ये चुकीचा शंख आलेला नाही. सेटवर कंटिन्युइटी (शॉटमागून शॉट सगळं जुळतंय ना ते) पाहणारीच्या वहीत प्रत्येक दृश्यापुढे शंखाचा आकडा आहे, फोटोसकट.

चूक संकलनाच्या टेबलावर झाली, आणि तिथेही कोणाच्या गलथानपणामुळे नाही. पहिला अर्धा तास संथ वाटत होता म्हणून संकलकाने ३८ हे गमतीचं दृश्य उचलून २७ च्या आधी ठेवलं. तो निर्णय चांगलाच होता. पण प्रेक्षकाला आता असं दिसतं: चौदानंतर शंखावर सहा रेघा, मग अडतिसामध्ये पाचच्या चार होतात, मग सत्तावीसमध्ये सहाच्या पाच. दृश्य ३० आणि ३३ मध्ये शंख नुसता खिडकीत ठेवलेला आहे, तिथे पाच रेघा. पुढे ६६ हे दृश्य लांबीसाठी पूर्ण उडवलं, तेव्हा एक रेघ हिशोबातूनच गेली. बावन्नच्या शेवटी तीन आणि एकोणऐंशीच्या सुरुवातीला दोन.

वही होती, मग हे कोणाला दिसलं कसं नाही? कारण वही शूटिंगच्या क्रमाने लिहिलेली होती आणि ती सांभाळणारी सहायक पॅकअपच्या दिवशी पैसे घेऊन दुसऱ्या कामावर गेली होती. निर्मितीच्या खर्चपत्रकात कंटिन्युइटी ही शूटिंगची बाब धरतात. संकलनाच्या तीन महिन्यांत तिच्या नावावर एक दिवसाचेही पैसे नसतात. आमच्या मते या प्रकरणातला खरा दोष हाच. दृश्यं हलतात, कापली जातात, उलटतात ती त्या तीन महिन्यांत, आणि नेमकं तेव्हा वहीकडे पाहणारं कोणी नसतं. जिथे कथेतली जादू मोजता येते (रेघा, पाकळ्या, घड्याळाचे ठोके, उरलेले दिवस) तिथे दृश्याची अदलाबदल म्हणजे गणिताची अदलाबदल.

दुरुस्तीला आधी मोजणी हवी. शंख एकूण ४१ शॉटमध्ये दिसतो. लॅपटॉपवर सगळेच धोकादायक वाटतात. थिएटरच्या पडद्यावर चालवून पाहिल्यावर रेघा खरोखर मोजता येतील असे २३ निघाले. हा चाळणीचा टप्पा लोक गाळतात आणि मग नको त्या शॉटचे पैसे व्हीएफएक्सला (संगणकावरच्या दृश्यकामाला) देऊन बसतात. त्या तेविसांपैकी अदलाबदल झालेल्या दोन दृश्यांत १३ होते. पाच शॉटच्या जागी दुसरे टेक घेतले, ज्यांत मुलीचा अंगठा रेघांवर आडवा येतो. असा टेक शोधायला सहायकाला एक दुपार लागते, पैसा लागत नाही. दोन शॉट रेघा समोर येण्याआधीच कापले. सहा व्हीएफएक्सला गेले. तिथेही सगळे सारखे नव्हते. सत्तावीसमधली जास्तीची रेघ पुसणं सोपं, आजूबाजूचा पांढरा रंग तिच्यावर ओढायचा. अडतिसामध्ये रेघ वाढवायची होती, तीही गोल, चकचकीत आणि हातात फिरणाऱ्या वस्तूवर, कंदिलाच्या हलत्या उजेडात. म्हणून अडतिसाला शक्य तेवढे टेक बदलले आणि पुसण्याचं काम व्हीएफएक्सकडे ठेवलं.

दृश्य ३० आणि ३३ मध्ये व्हीएफएक्सचं काही करावं लागलं नाही. खिडकीतला शंख प्रकाशाच्या उलट बाजूला होता. डीआयमध्ये (रंग जुळवण्याच्या टप्प्यात) तो थोडा काळवंडला की रेघा वाचता येत नाहीत.

सहासष्टच्या हरवलेल्या रेघेला पॅचवर्कमध्ये ११ सेकंद दिले: अंधार, मुलीचा हात, फुंकरीचा आवाज आणि तिसरी रेघ विझताना. चेहरा नाही, संवाद नाही. इच्छा काय होती ते सांगितलंच नाही. कापलेल्या अडीच मिनिटांपेक्षा हे बरं वाटतं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

दृश्यं हलवल्याचे आणि पुन्हा चित्रित केल्याचे डाग नामांकित चित्रपटांवरही आहेत. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये बुजगावणं भेटतं त्या प्रसंगात नायिकेच्या वेण्या शॉटागणिक लांब-आखूड होतात. वेण्या कोणी मोजत नाही म्हणून ते खपलं. तिथे 'माझ्या वेणीचा प्रत्येक पेर म्हणजे एक इच्छा' असं असतं, तर खपलं नसतं.

उलटा केलेला शॉट

दृश्य ५२ चाळीच्या गॅलरीत आहे. आजोबा अंघोळ करून उघड्या अंगाने बसलेत, नात समोर. मास्टर शॉटनंतर (पूर्ण प्रसंग दाखवणाऱ्या शॉटनंतर) कॅमेरा चुकून दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे गेला आणि आजोबांच्या क्लोजमध्ये (जवळच्या शॉटमध्ये) दोघंही एकाच दिशेला बघू लागली. संकलकाने सोपा उपाय केला: आजोबांचे चार शॉट आरशासारखे फिरवले. नजरा जुळल्या.

आणि आजोबांचं जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर गेलं.

ज्यांच्या घरात श्राद्ध-पक्ष होतात त्यांना वेगळं सांगायला नको. जानवं उजव्या खांद्यावर म्हणजे अपसव्य, ते पितृकार्यात. नातीला शंखाची गोष्ट सांगणारे आजोबा दर दुसऱ्या शॉटला सव्य-अपसव्य करताहेत, असा तो प्रसंग झाला. मुलांच्या हे ध्यानात येणार नाही, पण मुलांना थिएटरात घेऊन येणाऱ्या आजीच्या येईल, आणि पुढचा सगळा वेळ ती तेच सांगत राहील. मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, ते सुदैवाने फोकसबाहेर.

त्याच चार शॉटमध्ये आजोबांच्या हातात शंख आहे, आणि इथे प्रकरण गमतीदार वळण घेतं. पटकथेत आजोबा म्हणतात की हा शंख दक्षिणावर्ती आहे, लाखात एखादाच मिळतो. शंखाची नळीकडची निमुळती बाजू वर धरली की साध्या शंखाचं तोंड डावीकडे उघडतं, त्याला वामावर्ती म्हणतात. उजवीकडे उघडतो तो दक्षिणावर्ती, आणि तो खरोखरच दुर्मीळ. आर्ट डिपार्टमेंटने बाजारातून साधा वामावर्ती आणला, त्याचाच साचा काढला, म्हणून आठही नकला वामावर्ती निघाल्या. पूर्ण चित्रपटात शंख दक्षिणावर्ती दिसतो तो फक्त या चार उलट्या शॉटमध्ये. म्हणजे चुकलेले शॉट तेवढे बरोबर, बाकीचा चित्रपट चूक.

बाजारात दक्षिणावर्ती म्हणून जे विकतात त्यांतले बरेच लायटनिंग वेल्क नावाच्या अमेरिकी किनाऱ्यावरच्या गोगलगायीचे असतात. ते जातीनेच त्या बाजूला वळतात, त्यात दुर्मीळ काही नाही. आपला पूजेतला शंख वेगळ्या जातीचा आणि तो मुख्यतः मन्नारच्या आखाताकडून येतो. पटकथेत आजोबांना तो गिरगाव चौपाटीवर सापडला होता. तेही जमत नाही. शूटिंगआधी विचार झाला असता तर उपाय स्वस्त होता: खऱ्या शंखाचं थ्रीडी स्कॅन काढायचं, संगणकात आरशासारखं उलटवायचं आणि त्यावरून साचा करायचा. शूटिंगनंतर मात्र वस्तू बदलण्यापेक्षा वाक्य बदलणं परवडतं. आजोबांचे ओठ न दिसणाऱ्या जागी डबिंगमध्ये संवाद बदलला. आता ते म्हणतात की शंख साधाच आहे, रामेश्वरहून आणलेला, देवघरात सगळ्यांकडे असतो तसा. कथेलाही ते जास्त शोभलं. साध्या वस्तूत जादू निघाली की मुलं घरी जाऊन देवघर तपासतात.

उलटे चार शॉट परत सुलटे केले. नजरेचा घोळ मोडायला मध्ये नातीच्या बोटांचा एक इन्सर्ट (छोटा जवळचा शॉट) आणि गॅलरीतून दिसणाऱ्या आवाराचा एक शॉट घातला. रेषा ओलांडली गेली असेल तर दोन शॉटच्या मध्ये तिसरंच काहीतरी दाखवलं की डोळा दिशा विसरतो. शॉट फिरवण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात: अक्षरं, मनगटी घड्याळाचा हात, शर्टाच्या बटणांची बाजू, केसांचा भांग आणि धार्मिक खूण. आपल्याकडे पाचवीच सगळ्यात महाग पडते.

चंद्र, समुद्र आणि मलबार हिल

शेवटचं दृश्य असं लिहिलं होतं: कोजागरी, संध्याकाळचे सात. समुद्रावर भलामोठा पूर्ण चंद्र उगवतोय. उधाण आलंय, लाटा पायऱ्यांपर्यंत. मुलगी शंख पाण्यात सोडते.

यात तीन चुका आहेत आणि तिन्ही मुंबईच्या भूगोलाच्या.

पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला पूर्वेला उगवतो. मुंबईचा चौपाट्यांचा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी पौर्णिमेचा चंद्र इमारतींमागून येतो, पाण्यातून नाही. संध्याकाळी पाण्यावर दिसते ती शुद्ध पक्षातल्या सुरुवातीच्या तिथींची कोर, आणि तीही उगवत नसते, मावळत असते. वेळ मध्यरात्रीची केली तरी जमत नाही. कोजागरीच्या मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून तर गच्चीवरच्या दुधाच्या पातेल्यात त्याचं प्रतिबिंब पडतं. समुद्र आणि चंद्र एका फ्रेममध्ये तेव्हा येऊच शकत नाहीत.

दुसरी चूक पाण्याची. कोळीवाड्यात तोंडपाठ असलेला आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीच्या छापील तक्त्यात मुंबईसाठी ती साधारण बाराच्या आसपास निघते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा-सातला पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. उधाण असल्यामुळे तर नेहमीपेक्षाही लांब, कारण उधाणात भरती जशी मोठी तशी ओहोटीही खोल. 'उधाण' म्हणजे दिवसभर चढलेलं पाणी, अशी पटकथा लिहिणाऱ्याची समजूत होती.

दोन्ही चुकांवर एकच उत्तर निघालं: दृश्य पहाटे साडेपाचला न्यायचं. ऑक्टोबरात मुंबईत सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो, त्याच सुमाराला पूर्ण चंद्र पश्चिमेला मावळतो. तासभर आधी तो क्षितिजापासून तेरा-चौदा अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा जास्त उंच. समुद्र आणि चंद्र एका फ्रेममध्ये बसतात. पाणी ओहोटीचं. त्यामुळे प्रसंग उलटा झाला: समुद्र मुलीकडे येत नाही, मुलीलाच ओल्या वाळूवरून लांब चालत जावं लागतं. दिग्दर्शकाने हे ऐकल्यावर जुनं दृश्य फाडून टाकलं.

मग तिसरी चूक पुढे आली. रेकीला, म्हणजे जागा पाहायला, गेल्यावर कोणीतरी फोनवर होकायंत्र उघडलं. गिरगाव चौपाटीवर उभं राहून पश्चिमेला पाहिलं तर समुद्र नाही, मलबार हिल दिसतो. तिथलं पाणी नैऋत्य-दक्षिणेला. कोजागरीचा चंद्र मावळणार तो टेकडीवरच्या इमारतींमागे. दादरची चौपाटी मात्र पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून कथेतली चाळच गिरगावातून दादरला हलवली. ऐकायला मोठं वाटतं, पण चाळ चित्रनगरीत होती. बदलली ती दरवाजावरची पाटी, एका दुकानाचा बोर्ड आणि डबिंगमधली चार वाक्यं.

दादरला गेल्यावर वांद्रे-वरळी सी लिंक फ्रेममध्ये आला. आजच्या दृश्याला हरकत नाही. पण याच किनाऱ्यावर आजोबांच्या तरुणपणाचा १९८५ चा फ्लॅशबॅक आहे आणि पूल सुरू झाला २००९ मध्ये. दोन शॉटमधून तो पुसला, बाकीचे कॅमेरा खाली झुकवून वाळूवर घेतले. त्याच फ्लॅशबॅकमध्ये चहावाल्याच्या पाटीवर भावापुढे ₹ हे चिन्ह होतं. ते २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. पाटी नव्याने रंगवून 'रु.' केलं. जुन्या काळातली मुंबई दाखवताना ही चूक इतकी होते की आर्ट डिपार्टमेंटने तिचा वेगळा कागद भिंतीवर लावावा.

पहाटे साडेपाचला सात वर्षांच्या मुलीला पाण्याकाठी उभं करायचं नव्हतं. लांबचे पाठमोरे शॉट ठेंगण्या प्रौढ डुप्लिकेटवर घेतले, जवळचे मुलीवर, दिवसा, क्रोमाच्या एकरंगी पडद्यासमोर, ओल्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या ट्रेवर. लांबच्या शॉटला मे महिन्यातली पौर्णिमाच हवी असं नाही, अमावास्याही चालते; ओहोटी तेव्हाही पहाटे सहाच्या आसपास येते. चंद्र तर व्हीएफएक्सनेच येणार होता. पॅचवर्कच्या तारखा कलाकारांआधी भरतीच्या तक्त्याला विचारून ठरल्या, असं क्वचितच घडतं.

चंद्राच्या आकारावर वाद झाला. खरा चंद्र आकाशात अर्धा अंश रुंद. साधारण ५४ अंश रुंदीच्या फ्रेममध्ये तो रुंदीच्या शंभराव्या भागाएवढाच, म्हणजे पडद्यावर ठिपका. व्हीएफएक्सचा चंद्र त्याच्या दहापट होता. तो तसाच ठेवला, आणि बरोबर ठेवला. जादूच्या चित्रपटात चंद्र मोठा असू शकतो, फक्त सगळ्या शॉटमध्ये तेवढाच मोठा हवा. आधी तीन शॉटमध्ये तीन आकार होते. सुरुवातीच्या तृतीयेच्या कोरीचं मात्र बदललं. विकत घेतलेल्या चित्रात ती कंसासारखी उभी होती, युरोपातून दिसते तशी. मुंबईच्या अक्षांशावरून संध्याकाळची कोर त्यापेक्षा बरीच आडवी दिसते. शिवाय तृतीया ते पौर्णिमा म्हणजे बारा दिवस, आणि पटकथेत मध्ये पाचच रात्री होत्या. म्हणून कथादिवसांच्या तक्त्यात तिथीचा रकाना वाढवला आणि एका संवादात "आठवडा झाला" असं घातलं.

मे महिन्याची सावली, मे महिन्याची मुलगी

चाळीच्या आवारातला दुपारचा खेळ जानेवारीत चित्रित झाला होता. त्याचे चार जोडशॉट मेमध्ये घ्यायचे होते. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत भरदुपारी सूर्य सुमारे ५० अंशांवर असतो, ११८ सेंटिमीटरच्या मुलीची सावली जवळजवळ मीटरभर, उत्तरेकडे. मेच्या मध्यावर, १५-१६ तारखेच्या आसपास, मुंबईत शून्य सावली दिवस येतो. साडेबाराच्या पुढे-मागे सावली पायाखाली गडप. नेमके पॅचवर्कचे दिवस. सकाळी पावणेदहाला सूर्य ५० अंशांवर मिळतो खरा, पण तो पूर्वेला असतो आणि सावली पश्चिमेला पडते, भिंतीच्या चुकीच्या बाजूला. सेट फिरवणं शक्य नव्हतं. म्हणून २० बाय २० फुटांचा स्किमर (कापडी पडदा) ताणून खरं ऊन अडवलं आणि दक्षिणेकडून एक मोठा एचएमआय दिवा ५० अंशांवर लावला. एकच दिवा, म्हणजे एकच सावली. दोन दिवे लावले की दोन सावल्या पडतात, आणि ती चूक मूळ चुकीपेक्षा वाईट.

मुलगी स्वतः बदलली होती. चार महिन्यांत साधारण दोन सेंटिमीटर उंची वाढते, केस चार ते पाच सेंटिमीटर. केस कापता येतात, फ्रॉकची दुमड उसवता येते. पण एका दृश्यात आजोबा दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीची खूण करतात, आणि मेच्या शॉटमध्ये तिचं डोकं त्या खुणेच्या वर गेलं. खूण दोन सेंटिमीटर वर सरकवली. चौकटीचा जानेवारीचा क्लोज कोणी मोजपट्टी लावून पाहणार नाही.

दाताचं तसं नाही. वरचा मधला दुधाचा दात सहा-सात वर्षांच्या सुमाराला पडतो, हे शेड्यूल आखताना माहीत असायलाच हवं. तिचा मार्चमध्ये पडला. पॅचवर्क दृश्य १२, ४७ आणि ८० मध्ये विखुरलेलं, म्हणजे दात आहे, नाही, आहे, नाही. दंतवैद्याकडून काढता-घालता येणारा एक दात करून घेतला, पण तो घातल्यावर 'स' फिसकटू लागला. शेवटी बारामध्ये नकली दात आणि आवाज नंतर डबिंगचा; सत्तेचाळीसमध्ये तिच्या मागून, खांद्यावरून; ऐंशीतला शॉट सोडून दिला. मुलं मुख्य भूमिकेत असतील तर दोन शेड्यूलमध्ये दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, आणि ठेवावंच लागलं तर पहिल्या शेड्यूलमध्येच दाताचा ठसा घेऊन ठेवावा.

वेळेचंही गणित आहे. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही; शूटिंगआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की मुलीचे क्लोज सकाळी उरकतात आणि समोरच्या माणसाचे दुपारी, डुप्लिकेटच्या खांद्यावरून. कंटिन्युइटीचे निम्मे घोटाळे याच फटीतून शिरतात: वेणी डाव्या खांद्यावर की पाठीवर, शंख उजव्या हातात की डाव्या. मुलगी घरी जाण्याआधी तिचा चारही बाजूंनी फोटो आणि शेवटच्या टेकचा स्क्रीनग्रॅब डुप्लिकेटला दाखवला की हे टळतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून भागत नाही. दुपारी शोधताना तो चारशे निरोपांखाली गेलेला असतो.

जे दुरुस्त केलं नाही

दसऱ्याच्या दृश्यात आवारात काजवे आहेत. काजवे आपल्याकडे मेच्या शेवटापासून पहिल्या पावसापर्यंत दिसतात, दसऱ्याला नाही. व्हीएफएक्स झालेलं होतं, सुंदर होतं. काढलं नाही. मुलीच्या तोंडी पाठमोऱ्या शॉटवर एक वाक्य टाकलं, "आजोबा, दसऱ्याला काजवे?" आणि आजोबा शंखाकडे बघतात. चूक होती ती खूण झाली. हा उपाय एका चित्रपटात एकदाच चालतो.

उरला बर्फाचा गोळा. दृश्य १९ मध्ये मुलगी कालाखट्टा खाता खाता बोलते. दिव्यांखाली गोळा पाच मिनिटं टिकत नाही. लांबच्या शॉटला रेझिनचा, जवळच्या शॉटला खरा, दर टेकला नवा, किती चावे झाले त्याची नोंद आणि डाग पडणार म्हणून एकसारखे तीन फ्रॉक, एवढी तयारी होती. तरी संकलनात एका जागी अर्धा खाल्लेला गोळा पुढच्या शॉटमध्ये जवळजवळ पूर्ण आहे. तो शॉट मुलीचा सगळ्यात चांगला. ती तिथे खरोखर हसली आहे, दातही शाबूत आहे. दुसऱ्या टेकमध्ये गोळा बरोबर, हसू बेतलेलं. रविवारी तीसपैकी एकानेही गोळ्याबद्दल विचारलं नव्हतं. गोळ्यावर कथेतलं काहीच टांगलेलं नाही. शॉट ठेवला, आणि डीआयमध्ये दोन्ही गोळ्यांचा जांभळा तेवढा एकसारखा करून घेतला.